आधी घरटं, मग जनावर

दुपारच्या वेळी गोठ्यात जा आणि रवंथ करत बसलेला बैल नीट बघा. आमच्या परभणी भागात लालकंधारी बैल आहेत, ते असतील तर उत्तम. त्यांचा रंग एकसारखा लाल असल्यामुळे अंगावरच्या वळ्या आणि खळगे चटकन नजरेत भरतात. बैल बसताना आधी पुढचे पाय मुडपून गुडघ्यांवर येतो, मग मागचा भार एका कुशीवर सोडतो. मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला निघतात. पोट जमिनीवर पसरतं आणि फऱ्यामागची कातडी दुमडून तिथे तीन-चार वळ्या पडतात. उठताना सगळं उलट होतं, म्हणजे आधी मागचा भाग वर येतो आणि मग पुढचा. पंधरा मिनिटं हे बघून घरी या आणि आठवणीतून बसलेला बैल काढा. कुठे अडतं ते लक्षात ठेवा. डायनोसॉर बसवतानाही नेमकं तिथेच अडणार आहे.

मी गेली काही वर्षं सुट्टीत मुलांना मातीचे डायनोसॉर करायला शिकवतो. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल एकच डायनोसॉर करतं. तो दोन पायांवर उभा असतो, जबडा फाडलेला असतो आणि पुढचे पाय कुणाचा तरी गळा धरायला निघालेले असतात. बागांमधले सिमेंटचे डायनोसॉर आणि सिनेमातले डायनोसॉर मुलांनी तसेच पाहिलेले असतात. पण कुठलंही जनावर दिवसातला कितीतरी वेळ बसलेलं, पहुडलेलं, पेंगत असतं. वर्षातून काही दिवस ते अंड्यांपाशी असतं. मूर्ती घडवायची तर या वेळा मला जास्त मोलाच्या वाटतात. शिवाय महाराष्ट्राच्या मातीने डायनोसॉरची जी आठवण जपून ठेवली आहे, तिच्यात घरट्यांचा वाटा मोठा आहे.

परभणी शहर, जिंतूर, सेलू, गंगाखेड हा सगळा मुलूख बेसाल्टवर बसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा काळा दगड तयार झाला, आणि आपली काळी जमीन त्याच दगडाची झीज होऊन बनली. तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. डायनोसॉर सापडतात ते लाव्हाच्या तळाशी दबलेल्या गाळाच्या थरांत. या थरांना लॅमेटा म्हणतात. जबलपूरच्या लॅमेटा घाटावरून हे नाव पडलं. पूर्वेकडे वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात गेलं की हे थर उघड्यावर येतात. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावाच्या शिवारात एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. त्याच भागातल्या डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे आजचं नाव मिळालं. नावातलं आयसि म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. पुढचे पाय लांब, मान त्या मानाने आखूड आणि पाठ शेपटीकडे उतरती, असं हे जनावर होतं. टायटॅनोसॉर नावाच्या मोठ्या कुळातलं.

अंडीही याच जिल्ह्यात आहेत. धनंजय मोहबे या भूवैज्ञानिकांनी १९९६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या डायनोसॉरच्या अंड्यांचं वर्णन करून त्या प्रकाराला मेगालूलिथस मॅटलेयी असं नाव दिलं. अंड्याचं नाव वेगळं आणि जनावराचं वेगळं, हे ऐकून मुलं गोंधळतात. अंड्यात भ्रूणाची हाडं मिळाल्याशिवाय ते अमक्याच डायनोसॉरचं आहे असं ठामपणे सांगता येत नाही. म्हणून कवचाच्या रचनेवरून अंड्यांचं नामकरण स्वतंत्रपणे होतं. ही शिस्त आपल्या कामातही पाळायची आहे, ती शेवटी पाटी लिहिताना उपयोगी पडेल.

घरट्यांचं सगळ्यात मोठं दालन नर्मदेच्या खोऱ्यात उघडलं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग-कुक्षी परिसरात टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि त्यांत मिळून २५६ अंडी नोंदवली गेली. हा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी गोल, १५ ते १७ सेंटीमीटर व्यासाची. एखाद्या घरट्यात एकच अंडं, तर एखाद्यात वीसपर्यंत. लहान खरबुजं खड्ड्यात मांडून ठेवावीत तसं हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एवढ्या मोठ्या आईला त्यांच्यामधून फिरायलाही जागा नसावी. त्यावरून अभ्यासकांचा कयास असा की अंडी घालून, झाकून ती निघून जात असावी, कासवीण वाळूत अंडी पुरून जाते तशी.

म्हणून पहिला नियम असा की टायटॅनोसॉरला अंड्यांवर बसवू नका. कित्येक टनांचं जनावर खरबुजाएवढ्या अंड्यांवर बसलं तर काय उरेल, हे मुलांना विचारलं की ती स्वतःच उत्तर देतात. तरीही कोंबडीसारखा घरट्यावर बसलेला लांब मानेचा डायनोसॉर चित्रांत अधूनमधून दिसतो.

घरट्याच्या देखाव्याचं काम मी घरट्यापासूनच सुरू करतो. जनावर आधी केलं की घरटं त्याच्या पायाशी कसंबसं कोंबलं जातं, आणि मापं हमखास चुकतात. घरटं आधी झालं की अंड्याचं माप ठरतं, आणि अंड्यावरून पुढचं सगळं. समजा एकास वीस हे प्रमाण घेतलं, तर १६ सेंटीमीटरचं अंडं ८ मिलीमीटरचं होईल, म्हणजे वाटाण्याएवढं. बारा मीटर लांबीची आई धरली तर ती ६० सेंटीमीटरची होईल. वाटाणा आणि जवळजवळ हातभर लांब जनावर शेजारी ठेवून बघा. एवढ्या मोठ्या जनावराची अंडी इतकी लहान, यावर मुलांचा विश्वास बसत नाही, पण खरं आहे. अंडं फार मोठं झालं तर त्याचं कवच फार जाड लागतं, आणि जाड कवचातून आतल्या जिवाला हवाही मिळत नाही आणि पिल्लाला ते फोडताही येत नाही.

खड्डा करताना टिटवी आठवा. शेतात उघड्यावर नुसता उथळ खळगा करून ती अंडी घालते. विणकाम नाही, काटक्यांचा थाट नाही. टायटॅनोसॉरचं घरटंही तसंच, मऊ जमिनीतला उथळ खड्डा. पाटावर दोन बोटं जाडीचा मातीचा थर द्या, त्यात वाटीच्या बुडाने हलका खळगा दाबा, आणि आठ-दहा अंडी बसवा. टिटवीची अंडी टोकाकडे निमुळती असतात आणि टोकं आत करून मांडलेली असतात. ही अंडी मात्र पूर्ण गोल, त्यामुळे टोकांचा प्रश्न नाही. ढीग करू नका आणि रांगोळीसारखं रेखीवही मांडू नका. एक-दोन अंडी दुसऱ्यांना टेकलेली, एखादं थोडं दूर, अशी मांडणी करा. मग अर्ध्या घरट्यावर बारीक वाळू भुरभुरा आणि अर्धं उघडं ठेवा. अंडी पुरलेली होती हेही दिसेल आणि ती किती होती हेही. टायटॅनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाला भरपूर छिद्रं असतात. मातीखालच्या दमट हवेत श्वास घ्यायची ती सोय होती. त्यामुळे पुरलेलं अंडं दाखवणं हे शास्त्राला धरून आहे.

रंगाचंही ऐकून ठेवा. डायनोसॉरच्या कवचांवरचे रंगकण तपासणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लांब मानेच्या शाकाहारींच्या कवचात रंगद्रव्य आढळलं नाही. म्हणून टायटॅनोसॉरची अंडी पांढरीच ठेवा. निळसर हिरव्या अंड्यांचा मान दुसऱ्या कुळाकडे जातो, त्याच्याकडे पुढे येऊ.

घरट्याशेजारी थोडं गवत लावायला हरकत नाही. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं पूर्वी ठामपणे सांगितलं जायचं. ते मत पिसदुऱ्याच्या दगडी शेणाने बदललं. तिथे सापडलेल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताच्या पेशींतले वाळूसारखे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावशिवारातल्या शेणाने जगभरच्या चित्रकारांना गवत काढायची मुभा दिली. पण कुरणं पसरवू नका, तुरळक झुबके पुरेत.

आता मातीकडे वळू. माझा पहिला बसलेला डायनोसॉर मी शेतातल्या काळ्या मातीचा केला होता. लोण्यासारखी मऊ माती हाताला फार गोड लागली. चौथ्या दिवशी त्याच्या पाठीवर बोट जाईल अशी भेग पडली आणि सहाव्या दिवशी शेपूट गळून पडली. कारण आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं आहे. वैशाखात शेताला जशा भेगा पडतात, तशाच मूर्तीलाही पडतात. या मातीच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि सुकताना तितकीच आक्रसते. तुरीला आणि कापसाला ओल धरून ठेवणारा तिचा हा गुण मूर्तीचा मात्र घात करतो.

त्यासाठी दोन वाटा आहेत. मूर्ती भाजायची नसेल तर गणपतीची शाडू माती घ्या. मी चार भाग शाडूत एक भाग कागदाचा लगदा मळतो. लगद्याचे धागे माती धरून ठेवतात आणि बारीक भेगा टळतात. मूर्ती भाजायची असेल तर सरळ कुंभाराकडे जा आणि त्याची तयार माती मागा. कुठला गाळ घ्यायचा, त्यात राख किती आणि लीद किती घालायची, हे तो हाताच्या अंदाजाने जाणतो. पोळ्याला घरोघरी पुजले जाणारे मातीचे बैल त्याच हातांनी घडतात. त्या बैलांचे पाय बघा, आखूड आणि जाड असतात. उभ्या जनावराचं सगळं वजन ओल्या मातीच्या चार खांबांवर येतं, म्हणून कुंभाराने ते तसे ठेवलेले असतात.

बसलेल्या मूर्तीचा मोठा फायदा इथेच आहे. उभा डायनोसॉर करायचा तर आत तारेचा सांगाडा लागतो. पण माती आक्रसते आणि तार आक्रसत नाही, म्हणून तारेवरची माती तडकते. बसलेल्या जनावराचं पोट जमिनीला टेकलेलं असतं आणि पाय अंगाला चिकटलेले असतात. त्याला तारेची गरज उरत नाही. आत तार नसल्यामुळे भट्टीतही अडचण येत नाही. नवशिक्याने बसलेल्या जनावरापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तार नाही म्हणजे मापाचा आधार गेला, आणि मग पाय लहान-मोठे होतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही आहे. पाय दुमडला की तो आखूड झाल्यासारखा दिसतो, आणि करणारा खरोखरच तो आखूड करून टाकतो. हाडं दुमडतात, पण त्यांची लांबी तेवढीच राहते. यावर मी खराट्याच्या काड्यांचा उपाय करतो. ज्या डायनोसॉरची मूर्ती करायची त्याचं सांगाड्याचं चांगलं रेखाचित्र आपल्या मापात उतरवून घ्यायचं. मांडीचं हाड, नडगी, पाऊल, दंड, हात, सगळ्यांच्या लांबीच्या काड्या तोडायच्या आणि सांध्यांवर दोऱ्याने सैल बांधायच्या. हा काड्यांचा सांगाडा कागदावर आडवा ठेवून बसता करायचा. जिथे काडी दुसरीवर चढते, जिथे टोक जमिनीच्या रेषेखाली जातं, तिथे बसण्याची पद्धत चुकते आहे असं समजायचं. जमलं की कडेने पेन्सिल फिरवून बाह्यरेषा काढायची. माती या रेषेवरून लावायची. काड्या मूर्तीत जात नाहीत, त्या पुढच्या मुलाच्या उपयोगी पडतात.

दोन पायांच्या मांसाहारी डायनोसॉरसाठी बैल सोडून कोंबडीकडे वळा. कोंबडीच्या पायाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. तो खरं म्हणजे घोटा आहे. गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घोट्यापासून बोटांपर्यंतचा लांब दांडा म्हणजे तिचं पाऊल, आणि ती सतत चवड्यांवर चालते. खाली बसली की हा सगळा दांडा जमिनीला टेकतो. मांसाहारी डायनोसॉरचे पाय याच बांधणीचे. बसलेल्या राजासॉरसचे पाय करताना पोटाच्या दोन्ही बाजूंना गुडघे पुढे आलेले, घोटे मागे, आणि लांब पाऊल जमिनीवर सपाट, असे करा.

राजासॉरस नर्मदेन्सिस हे आपल्या शेजारचं नाव. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. लांबी साडेसहा मीटरच्या आसपास धरतात, म्हणजे एकास वीसच्या मापात साधारण ३३ सेंटीमीटर. डोक्यावर एक बुटकं गोल शिंग. त्याच्या कुळातल्या डायनोसॉरचे पुढचे पाय फारच चिमुकले होते, तेव्हा त्यांवर भार देऊन तो रेलला आहे असं दाखवू नका. भार दोन ठिकाणी द्या. एक, लांब पावलांवर. दोन, ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या टोकावर. मोठ्या मांसाहारींचं हे हाड खाली जाड होऊन बुटाच्या आकाराचं झालेलं असतं, आणि बसताना टेकायला त्याचा उपयोग होत असावा असं काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. शेपूट जमिनीवर मोकळी ठेवा.

यात निव्वळ कल्पना नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावी एका मांसाहारी डायनोसॉरची बसल्याची खूण दगडात उमटलेली आहे. तिचं वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पाण्याकाठच्या चिखलात तो बसला, तेव्हा लांब पावलं, बुडाची जागा, शेपूट आणि पुढचे हात यांचे ठसे उमटले. बसल्यावर तो थोडा पुढे सरकला आणि पुन्हा टेकला, हेही त्या ठशांत वाचता येतं. हातांचे ठसे बाहेरच्या कडेचे आहेत. म्हणजे तळवे जमिनीकडे नव्हते, टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर होते. सिनेमातले डायनोसॉर तळवे खाली लोंबकळवतात. मुलांनी तसे केले तर मी त्यांना टाळी वाजवायला लावतो आणि हात तिथेच थांबवायला सांगतो.

लांब मानेच्या जनावराला बसवणं सगळ्यात अवघड. इथे दगडातला पुरावा हात देत नाही, म्हणून जिवंत जनावरांकडून शिकायचं, पण प्रत्येकाकडून काय घ्यायचं ते ठरवून. महादेवाच्या कुठल्याही जुन्या देवळातला नंदी बघा. पाथरवटाने दगडाला वजन दिलेलं दिसतं. पोट बाजूंना फुगलेलं आहे, गळ्याची पोळी घड्या घालून खाली आली आहे, खुरं अंगाखाली सरकली आहेत. पोट कसं पसरवायचं ते नंदीकडून घ्या. पुढचे पाय मात्र त्याच्याकडून घेऊ नका. बैल पुढचा पाय जिथे मुडपतो तो सांधा मनगटाचा आहे. टायटॅनोसॉरच्या पुढच्या पंजाची हाडं उभ्या खांबांसारखी एकत्र बांधलेली होती, आणि तिथे बैलासारखी घडी होईल असं मला वाटत नाही. मी त्याचे पुढचे पाय कोपरात वाकवून पुढे टाकतो, बसलेल्या हत्तीसारखे. मागचे पाय दोन्ही बाजूंना थोडे फाकवतो, कारण टायटॅनोसॉरची ठेवण रुंद होती. मानेला हंसासारखा बाक देऊ नका. मानेचे मणके मोठे आणि लांब असतात, ते विळ्याच्या पात्यासारखे सावकाश वळतात.

आणखी एक बारकावा, तो मुलांना फार आवडतो. टायटॅनोसॉरच्या मागच्या पायांना मोठ्या नख्या होत्या, पुढच्यांना नव्हत्या. त्यामुळे खड्डा मागच्या पायांनी उकरला जात असावा असं मत मांडलं गेलं आहे. म्हणून घरट्यापाशी आई दाखवायचीच असेल तर ती घरट्याकडे पाठ करून, एक मागचा पाय मातीत खुपसून उभी दाखवा. चेहरा घरट्याकडे वळवून मायेने बघणारी आई करायचा मोह होतो, मलाही होतो. पण उकरणारा पाय त्याहून खरा आहे, आणि मूर्तीत हालचालही तोच आणतो.

अंड्यांवर खरोखर बसणारे डायनोसॉर होते, पण ते लहान, पिसांचे आणि पक्ष्यांच्या जवळचे. त्यांची गोष्ट मूर्तिकाराने जाणून घ्यावी अशी आहे. १९२३ मध्ये मंगोलियाच्या गोबी वाळवंटात एका डायनोसॉरचा सांगाडा अंड्यांपाशी सापडला. अंडी दुसऱ्याच जातीची समजली गेली, हा ती चोरायला आला होता असं मानलं गेलं आणि १९२४ मध्ये त्याचं नाव ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असं पडलं. पुढची सत्तर वर्षं चित्रांत आणि पुतळ्यांत तो अंडं पळवताना दिसत राहिला. १९९३ मध्ये त्याच वाळवंटात तसल्याच एका अंड्यात भ्रूण मिळाला आणि तो याच कुळातला निघाला. १९९५ मध्ये तर घरट्यावर बसलेल्या स्थितीतच दगड झालेल्या जनावराचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या जातीला पुढे सिटिपाटी हे नाव मिळालं. ज्याला चोर ठरवलं होतं, ती आपल्याच अंड्यांवर बसणारी जात निघाली.

सिटिपाटीचं घरटं वेगळं असतं. अंडी लांबट, जोडीजोडीने, गोल कड्यात मांडलेली. मधली जागा मोकळी. जनावर त्या मोकळ्या जागेत बसतं आणि पिसांचे हात पसरून कडेची अंडी झाकतं. म्हणजे भार मधल्या मातीवर जातो आणि अंड्यांना फक्त ऊब मिळते. करताना कडं आधी करा, मधे मातीचा उंचवटा ठेवा, त्यावर पाय दुमडलेलं धड बसवा आणि हात शेवटी लावा. या कुळातल्या चीनमधल्या एका जातीची अंडी निळसर हिरवी होती, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. मघाशी म्हटलं तो रंग इथे वापरा.

झोपलेला डायनोसॉर हवा असेल तर चीनचाच मेई लाँग घ्या. २००४ मध्ये वर्णन झालेलं हे अर्ध्या मीटरचं जनावर पाय पोटाखाली घेऊन, डोकं हाताखाली खुपसून, शेपूट अंगाभोवती गुंडाळून दगड झालं आहे. नावाचा अर्थच गाढ झोपलेला. अगदी लहान मुलांना मी हाच देतो. भाकरीच्या उंड्यासारखा मातीचा गोळा घेतला की निम्मं काम झालेलं असतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या देखाव्याकडे येतो. गुजरातेतल्या धोली डुंगरी गावाजवळ मोहबे यांना १९८४ मध्ये अंडी आणि लहान हाडं असलेला एक दगड मिळाला. ती सगळी हाडं पिल्लाची असावीत असं आधी वाटलं. पुढे जेफ्री विल्सन या अमेरिकी अभ्यासकाने त्यांत सापाचे मणके ओळखले, आणि २०१० मध्ये सनाजे इंडिकस या सापाची माहिती जगापुढे आली. साडेतीन मीटर लांबीचा साप एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून होता. शेजारी अर्ध्या मीटरचं टायटॅनोसॉरचं पिल्लू, आणखी दोन अंडी. त्याच क्षणी गाळ कोसळला असावा आणि सगळे जिथल्या तिथे गाडले गेले.

हा देखावा एकास पाच मापात करा. साप ७० सेंटीमीटर, पिल्लू १० सेंटीमीटर, अंडी लिंबाएवढी. सापाची वळी पाटावर लांब लाटून घ्या आणि लगेच वेटोळं घाला, थोडी सुकली की ती मोडेल. पिल्लू अंड्याच्या कवचातून पूर्ण बाहेर आलेलं, मान जमिनीला टेकलेली. सापाने अंडं तोंडात धरलं आहे असं करू नका. या सापाचा जबडा अजगरासारखा फार फाकणारा नव्हता, एवढं मोठं गोल अंडं त्याला गिळता आलं नसतं. तो पिल्लांसाठी घरट्यात आला होता. म्हणून त्याचं डोकं पिल्लाच्या दिशेने असू द्या.

कातडीवर फार वेळ घालवू नका. अर्जेंटिनात मिळालेल्या टायटॅनोसॉरच्या भ्रूणांवर मण्यांसारखे बारीक खवले दिसले आहेत, पण एकास वीसच्या मापात ते जवळजवळ दिसेनासे होतात. अंगभर भाताएवढे खवले कोरलेला डायनोसॉर मगरीच्या पिल्लासारखा दिसतो. मी ओल्या मातीवर राजगिऱ्याची पुरचुंडी हलकेच दाबतो, तेवढं पुरतं. त्याऐवजी गोठ्यात पाहिलेल्या वळ्या काढा. कातडी सांध्याच्या आतल्या बाजूला दुमडते आणि बाहेरच्या बाजूला ताणली जाते. पोट जमिनीला भेटतं तिथे माती किंचित आत दाबून सावलीची बारीक रेघ तयार करा. ती रेघ नसली तर जनावर जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, बसल्यासारखं दिसत नाही.

माती चामड्याइतकी घट्ट झाली की मूर्ती पोटाच्या रेषेवर तारेने कापा, आतून कोरून साधारण बोटभर जाडी ठेवा, कडा खरवडून पातळ मातीने पुन्हा जोडा. खालच्या बाजूला एक भोक हवंच. आत हवा आणि ओल अडकली तर भट्टीत वाफ होऊन मूर्ती फुटते. सुकवताना घाई नको. सावलीत, ओल्या फडक्याखाली, आठ-दहा दिवस. शेपूट आणि मान आधी सुकतात, म्हणून फडकं त्यांच्यावर जास्त वेळ ठेवा. आमच्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात एक दुपार उघडी राहिली तरी मानेला भेग जाते.

शेवटी पाटी. जनावराचं नाव, अंड्याचं नाव, हाडं कुठे मिळाली ते गाव आणि जिल्हा, आणि मूर्तीचं प्रमाण, एवढं तिच्यावर असलंच पाहिजे. पुराव्यावरून काय केलं आणि आपल्या अंदाजाने काय केलं, तेही लिहा. टायटॅनोसॉरची अंडी, त्यांचा आकार आणि खड्डा पुराव्याचा. त्याची बसण्याची ढब अंदाजाची. बघणाऱ्याचा तो हक्क आहे.

एक विनंती करून थांबतो. घरट्यातली अंडी किती होती, कशी मांडली होती, एकमेकांपासून किती दूर होती, हे सगळं दगड जागेवर असतो तोवरच कळतं. हातात घेऊन घरी आणलेलं अंडं हे नुसता गोल दगड होऊन बसतं. कधी वरोऱ्याकडे गेलात आणि शेताच्या बांधावर तसा दगड दिसला, तर उचलू नका. शेजारी हाताची वीत ठेवून फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला कळवा.